तुमच्या पत्राचा ता. क.

ताई, सप्रेम नमस्कार.

मी 54 वर्षांची, डोंबिवलीत राहते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली, त्याला सात वर्षं झाली. सहा वर्षं त्यांचं सगळं केलं. त्या गेल्या त्याला आता चौदा महिने होतील. मुलगा कॅनडात आहे. हे अजून नोकरीत, सकाळी सातला निघतात ते रात्री आठला येतात.

आता वेळच वेळ आहे. आधी घर मोकळं केलं. साड्या, भांडी, गाद्या, सगळं देऊन टाकलं. स्वयंपाकघरात चोवीस एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्या, बाकी ओटा रिकामा. साधं राहायचं ठरवलं. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. छान वाटलं, पण घरी आल्यावर महिनाभरात पुन्हा तेच. वारली चित्रं शिकले, सोडली. हार्मोनियमचा क्लास लावला, सोडला. गीतेच्या ऑनलाइन वर्गाला बसते, लक्ष लागत नाही. आत काही हलतच नाही. पहाटे तीनला जाग येते आणि वाटतं, हे सगळं कशासाठी? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, 'तुला काय कमी आहे?' खरंच काही कमी नाही. आयुष्याला अर्थ यावा म्हणून नेमकं काय करावं?

ता. क. – सगळं दिलं, पण सासूबाईंचा पितळी अडकित्ता आणि त्यांच्या देवघरातली एक जुनी चोपडी द्यायला हात झाला नाही. चोपडी ह्यांच्या आजोबांच्या दुकानाची आहे. कोकणात राजापूरकडे किराणा दुकान होतं म्हणे. मोडी लिपीत आहे, घरात कुणालाच वाचता येत नाही. सासूबाई पाडव्याला तिला हळदकुंकू वाहायच्या. रद्दीत टाकू का?

– एक वाचक, डोंबिवली

---

नाही. रद्दीत टाकू नका. हे आधी सांगते, कारण माझं उत्तर छापून येईपर्यंत रद्दीवाला येऊन जायचा. चोपडी धुतलेल्या सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवा आणि मग निवांत पुढचं वाचा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातल्या मोठ्या प्रश्नाला साजेसं मोठं उत्तर मनात जुळवायला लागले होते. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं, की एवढ्या पत्रात बरण्या सोडल्या तर डोळ्यांपुढे उभी राहील अशी वस्तूच नाही. 'दिलं', 'छान वाटलं', 'सोडलं' एवढंच. आणि मग खाली ता. क. येतो. त्यात पितळ आहे, पाडवा आहे, हळदकुंकू आहे, देवघरात ठेवलेलं दुकान आहे. पत्र तिथे एकदम जागं होतं. सही करून झाल्यावर बाईला जे आठवतं ते बहुधा तिचं खरं पत्र असतं, असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्यांदा वाचताना मी पहाटेच्या तीनपाशी अडकले.

अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. सहा वर्षं तुमची रात्र अशी तुकड्यातुकड्यांत गेली असणार. ह्यांना सकाळी सातला निघायचं असतं, म्हणजे तीनची पाळी तुमचीच. उठायचं, दिवा न लावता उशी सरकवायची, चादर कोरडी आहे का हाताने बघायचं, घोटभर पाणी पाजायचं. सासूबाई गेल्या, पण हा गजर बंद करायचा कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमचं शरीर अजून पाळीवर हजर होतंय. उठल्यावर समोर माणूस नाही, मग ते विचारतं, 'कशासाठी?' मला हा प्रश्न तत्त्वज्ञानातला वाटत नाही. तीन वाजता उठलेल्या माणसाला काम न दिसल्यावर पडलेला तो अगदी साधा प्रश्न आहे.

लोक काय म्हणाले असतील तेही मला ठाऊक आहे. 'सुटल्या हो बिचाऱ्या.' आणि मग आवाज उतरवून, 'तुम्हीही सुटलात.' आई गेली तर बाई पोरकी होते. सासू गेली तर तिला मोकळी धरतात. तेरा दिवस लोक आले, मुलाच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि तुम्ही आत पातेलंभर चहा टाकत होतात. बरोबर ना? सुनेच्या शोकाला आपल्याकडे जागाच नसते. त्यातून सहा वर्षांत सासूबाईंशी तुमचं कधी वाजलं असेल, कधी मनात 'आता पुरे' असंही येऊन गेलं असेल, तर तो शोक आणखीनच अवघड. मग बाई रडत नाही, घर आवरायला काढते.

तुम्ही ज्याला अर्थ सापडत नाही म्हणता, त्याला मी न झालेला शोक म्हणते. माझं चुकतही असेल. म्हणून एक रुक्ष काम आधी उरका. झोप मोडणं आणि कशातच मन न लागणं चौदा महिने चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-12, पाळी जाण्याच्या वयातले बदल, नैराश्य, या सगळ्यांचे चेहरे एकसारखे असतात आणि ते ओळखणं माझं काम नाही. अगदीच नको वाटलं तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पहाटे तीनलाही तिथे माणूस असतो.

आता बरण्या. रागावू नका, पण चोवीस बरण्या वाचून मला हसू आलं. साधेपणाचंही सामान विकत आणावं लागतं असे दिवस आलेत. माझ्या सासूबाई दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीच्या गजाला चिमट्याने लावायच्या आणि जुन्या धोतराची फडकी शिवायच्या. याला काही नाव असतं हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकूनही घेतलं नसतं. सेवाग्रामला कधी गेलात तर बापूंच्या दफ्तरात टेलिफोन दिसेल. माती-बांबूच्या घरात टेलिफोन! कामाला लागत होता, म्हणून होता. तुम्ही घरातून काय काय काढलंत ते मला कळलं. काय ठेवायचं आणि कोणत्या कामासाठी, ते मात्र पत्रात कुठे नाही. तो अडकित्ता आणि ती चोपडी सोडून. तेव्हा निदान वर्षभर घरातून आणखी काही बाहेर जाऊ देऊ नका. माझ्या वडिलांचा धोपटीसकटचा दाढीचा सगळा सरंजाम मी अशाच एका आवराआवरीत देऊन टाकला होता. अजून मधूनच तो शोधायला कपाट उघडते.

अडकित्त्यावरून सांगते. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, पाहिलंय का? दिनकर केळकरांचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. या माणसाने उभा जन्म जुन्या वाड्यांतून, बाजारांतून, भंगारातून घरगुती वस्तू गोळा करण्यात घालवला. दिवे, फण्या, पानाचे डबे, दौती, स्वयंपाकाची भांडी, दाराच्या चौकटी आणि अडकित्ते. तिथले अडकित्ते बघाल तर सुपारी विसराल. कुठे पोपट, कुठे घोडा. ज्या कुणी ते घडवले त्याला साधं पातं लावूनही सुपारी फोडता आली असती. पत्नी कमलाबाईंची या सगळ्याला साथ होती. संग्रहाला त्यांनी नाव दिलं ते आपल्या लहानपणीच गेलेल्या एकुलत्या एक मुलाचं, राजाचं. 1975 साली हजारो वस्तूंचा तो सगळा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला.

मुलगा गेल्याच्या दुःखावर या बाप-माणसाला उतारा सापडला, असं काही मी म्हणणार नाही. आपल्याला ते माहीत नाही आणि तसं म्हणणं स्वस्तपणाचं होईल. पण एवढं दिसतं, की त्यांनी वस्तूंकडे बघताना 'ही मला काय देईल' असं विचारलं नाही. विचारलं, 'ही कुणाची, कशाची, कशी केली?' तुम्ही वारलीला गेलात, हार्मोनियमला गेलात, ते अर्थ मिळवायला. वारलीतल्या त्या तारपा वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचाच्या फेराला बिचाऱ्याला तुमचा अर्थ कुठून माहीत असणार? आणि हार्मोनियमवर पहिले सहा महिने अलंकारच घोटायचे असतात. त्यात आनंद शोधायला गेलं तर बोटं दुखतात एवढंच कळतं.

चोपडीचं तसं नाही. तिच्याकडून तुम्हाला काही नको आहे. फक्त ती टाकवत नाही. यालाच मी धरून बसले आहे.

मोडी शिका. खरंच सांगते. तुमच्या नवऱ्याच्या आजोबांच्या पिढीला ती रोजची लिपी होती. शाळेत बाळबोध, म्हणजे आपली देवनागरीही शिकायचे आणि मोडीही, आणि हिशेब, पत्रं, दस्त सगळं मोडीत. गेल्या शतकाच्या मध्याला ती शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच आजोबांचे कागद वाचू न शकणारी माणसं झालो. आता मंडळी पुन्हा शिकतायत. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. त्याच्या पुण्याच्या दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, वाचणाऱ्यांची वाट बघत पडले आहेत. मुंबई-ठाण्याकडेही वर्ग भरतात, ऑनलाइनही आहेत. 2014 पासून युनिकोडमध्येही मोडी आली, म्हणजे संगणकालाही ती कळते. आपल्यालाच कळायची राहिली.

शिकायला जाल तेव्हा पहिली गंमत ही, की मोडीत आधी रेघ ओढतात. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचं. हात उचलायचा नाही. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही (शुद्धलेखनात मार्क गेलेल्या सगळ्यांना ही लिपी आपली वाटावी). त्यामुळे वाचणाऱ्याला शब्द कुठे तुटतो ते अर्थावरूनच ओळखावं लागतं. सुरुवातीला एका ओळीला अर्धा तास लागतो. मग एक दिवस अक्षरांच्या त्या गुंत्यातून 'गूळ' असा शब्द एकदम वर येतो आणि माणूस एकटाच खोलीत ओरडतो. मी ओरडले होते. माझ्या कागदात गूळ नव्हता, 'म्हैस' होती.

गुप्तधनाची आशा धरू नका. दुकानाच्या चोपडीत असतं काय, तर तेल, मीठ, तांदूळ, कुणाची उधारी, कुणाची जमा. पण जरा बघा त्यात किती दारं आहेत. वर शके साल असेल, त्यात 78 मिळवले की इसवी सन निघेल. शके 1861 असेल तर 1939-40, म्हणजे महायुद्ध सुरू झालेलं. रॉकेलचा भाव कसा चढला ते पानापानावर दिसेल. रुपये-आणे-पै असतील. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, 1957 मध्ये नवे पैसे आले तोवर असंच चालायचं. मापं शेर-पायलीची असतील. पायली म्हणजे चार शेर, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. गूळ कोल्हापूरकडून घाट उतरून यायचा की मुंबईहून बोटीने राजापूरकडच्या मुसाकाजी बंदरात? उधारीत कुणाकुणाची नावं आहेत? त्यात बाया किती? शिमग्याला उधारी वाढते का? पावसाळ्यात पानं रिकामी आहेत का? मनीऑर्डरी आल्यावर उधारी फिटते का? मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसांच्या पैशावर कोकणातली कितीतरी घरं चालायची. ते तुमच्या चोपडीत दिसेल किंवा दिसणार नाही, पण दिसलं तर तुम्हाला दिसेल. दुसऱ्या कुणाकडे ती चोपडी नाही.

काही बारीकसारीक. चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये घालू नका, लॅमिनेशनचं तर नावही काढू नका. पान वळवताना हात कोरडे ठेवा. खिडकीशी दिवसाच्या उजेडात मोबाइलवर प्रत्येक पानाचे फोटो काढा आणि सराव त्यांवर करा, मूळ पानावर नको. कसर लागली असेल तर ऊन दाखवायचा मोह होईल, पण कडक उन्हात कागद कडकतो. सावलीत वाऱ्यावर ठेवा. फडक्यात वेखंडाचा तुकडा बांधा. हळदकुंकवाचे डाग मात्र पुसू नका. तीही नोंद आहे, सासूबाईंच्या हातची.

तुम्ही गीतेच्या वर्गाचं आणि शिबिराचं लिहिलंत. शिबिर छान होतं असं तुम्हीच म्हणता, तर ते छानच असणार. घरी येऊन टिकलं नाही याचा दोष शिबिराला नाही आणि तुम्हालाही नाही. गीतेचा वर्ग तूर्त बंद केलात तर श्रीकृष्ण रुसणार नाही. मला राहून राहून सावता माळी आठवतात. माढा तालुक्यातल्या अरणचे. पंढरपूर काही फार लांब नाही, पण परंपरा सांगते की ते वारीला गेले नाहीत, मळ्यात राबत राहिले. त्यांना विठ्ठल भाजीच्या वाफ्यातच दिसायचा. सगळ्या संतांच्या पालख्या आषाढीला पंढरपूरला जातात आणि आषाढी झाल्यावर पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. ही उलटी पालखी मला आपल्या सगळ्या भागवत धर्मात सर्वांत लोभस वाटते. पण ही गोष्ट सांगून 'कामातच देव शोधा' असा उपदेश मी तुम्हाला केला तर तुम्ही माझं पत्र फाडाल, आणि बरोबरच कराल. सहा वर्षं तुम्ही तेच केलंत. कूस बदलणं, चादर बदलणं, भरवणं. तो तुमचा मळा होता. आता तो मोकळा आहे आणि त्यात लगेच काहीतरी पेरायलाच हवं असं नाही. जमीन पडीकही ठेवतात, शेतकऱ्याला विचारा.

सासूबाई निरक्षर होत्या की शिकलेल्या, तुम्ही लिहिलं नाहीत. पण न वाचता येणाऱ्या चोपडीला त्या दरवर्षी हळदकुंकू वाहत होत्या, म्हणजे ती कुणाच्या तरी घामाची आहे हे त्यांना माहीत होतं. वाचता आली नाही तरी पुजता येते, हा त्यांचा मार्ग. तुम्हाला पुजावंसं वाटत नसेल तर वाचा. मला या दोन्हींत फारसं अंतर दिसत नाही.

हार्मोनियमचं म्हणाल तर पुन्हा लावू नका, पण सोसायटीत किंवा जवळच्या देवळात भजनी मंडळ असेल तर आठवड्यातून एकदा जाऊन बसा. मी जाते. माझा आवाज ऐकून पहिल्याच दिवशी बायकांनी अत्यंत प्रेमाने माझ्या हातात टाळ दिले. अकरा वर्षं झाली, अजून टाळच आहेत. तिथे कुणी मला 'आतून कसं वाटतं' असं विचारत नाही. 'गेल्या गुरुवारी कुठे होतीस गं?' असं विचारतात. तुम्हालाही कुणीतरी असं विचारायला हवं आहे. बारा तास बंद दाराच्या घरात एकटं राहून भल्याभल्यांना अर्थ सापडत नाही. गावातल्या घरी दार उघडं असायचं, जाता-येता कुणी डोकवायचं. डोंबिवलीत ते आपल्याला मुद्दाम करावं लागतं.

राहिले तुमचे 'हे'. 'तुला काय कमी आहे' या वाक्याचा राग सोडून द्या. त्यांचीही आई गेली आहे आणि सकाळी सातची गाडी त्यांना शोक करायला वेळ देत नाही. अर्थबिर्थ काढू नका त्यांच्यापुढे. रविवारी चहा झाल्यावर चोपडी टेबलावर ठेवा आणि विचारा, 'आजोबांचं दुकान नेमकं कुठे होतं हो? घराच्या पडवीत की बाजारात?' बाकी काही बोलू नका. त्यांना माहीत नसेल तर ते कुणाला तरी फोन लावतील. चुलतभाऊ, आत्या, कुणी तरी गावाकडे असतंच. फोनवर तासभर बोलतील आणि मध्येच एखादी गोष्ट निघेल, जी तुम्ही तीस वर्षांत ऐकलेली नाही. तुम्ही तेव्हा अडकित्त्याने सुपारी कातरत बसा. पितळेला चिंच लावून घासायचं राहिलं असेल तर राहू दे.

आणि तीनला जाग आलीच तर पडून राहू नका. उठा, दिवा लावा, मोबाइलवरचं एक पान उघडा आणि वहीत एक ओळ उतरवा. आधी रेघ, मग अक्षरं. झोप आली की निजा.

पहिलं पान लागलं की मला कळवा. गुळाचा भाव काय होता तेवढं नक्की लिहा.

– तुमची,
ताई

ता. क. – चोवीस बरण्यांपैकी एकीत वेखंड ठेवा. झाकण घट्ट लावा, नाहीतर वास साखरेला लागतो.